अकरा वेळा रद्द

मी बोलतोय. होय, तोच मी, आयकराचा रिटर्न भरायचा प्रोग्राम. या घरात गेल्या महिन्यात मला 'भंगार', 'मेलेलं' आणि आणखी काय काय म्हटलं गेलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. शिव्या खाऊन माझं पोट भरलंय. तेव्हा आज माझी बाजू ऐका. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही. मला विचारता येतं, तपासता येतं आणि चूक दिसली की रकाना लाल करता येतो, बस्स.

माझा जन्म एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. मला बाप एक नव्हे, चौदा. चौदाही जण एकमेकांवर खेकसत काम करायचे, त्यामुळे माझा स्वभाव असा का, हे वेगळं सांगायला नको. मग मला एका चकतीवर भरलं आणि डिसेंबरात जर्मनीतल्या झोएस्ट गावच्या एका स्वस्त दुकानात नेऊन ठेवलं. एका बाजूला दालचिनीची बिस्किटं, दुसऱ्या बाजूला लोकरी मोजे. तिथून मला आन्सगार ब्रोकहोफ याने उचललं.

आन्सगार जिल्हा कार्यालयात जमीन मोजणारा अधिकारी. फायलींना भोकं पाडून त्या वर्षवार लावून ठेवणारा माणूस. दर डिसेंबरात तो माझ्या खानदानातला एकेक जण घरी आणत आलेला. माझ्या थोरल्या भावाने जाता जाता घराची सगळी माहिती माझ्या हवाली केली. आन्सगारचं ऑफिस किती किलोमीटरवर, त्याची बायको मेख्टहिल्ड दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामाला जाते तेव्हा तिला कसले बूट लागतात, चर्चचा कर किती, सगळं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं. रिटर्न दरवर्षी दोघांचा मिळून एकच.

पण मी आलो तेव्हा या एका घरात आधीच दोन घरं झाली होती. मेख्टहिल्ड वरच्या खोलीत, आन्सगार खाली बैठकीच्या खोलीत, माझ्या शेजारी टाकलेल्या खाटेवर. फ्रिजच्या मधोमध चिकटपट्टी. वरचे दोन कप्पे तिचे, खालचे दोन याचे, अंडी मोजलेली. घटस्फोटाआधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं. एकाच छपराखाली राहिलं तरी चालतं, मात्र एकमेकांसाठी काही करायचं नाही. तिच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, त्याचा एक मोजासुद्धा धुवायचा नाही.

भांडण होतं ते हे वेगळं राहण्याचं वर्ष कधी सुरू झालं यावरून. मेख्टहिल्ड म्हणायची, आपण वेगळे झालो ते गेल्या नोव्हेंबरात, गावच्या जत्रेत घोडेबाजार भरतो त्या गुरुवारी. आन्सगार म्हणायचा, छे, यंदाच्या ईस्टरपर्यंत आपण नवराबायकोच होतो. तिचं खरं धरलं तर ती या नोव्हेंबरात कोर्टात अर्ज करून मोकळी होणार. याचं खरं धरलं तर पुढच्या वसंतापर्यंत अडकणार. आणि याला तेच हवं होतं. आणखी थोडे महिने गेले तर तिचा राग उतरेल, ती खाली येईल, असं त्याला वाटायचं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण मला कोण विचारतो?

जुलैच्या मध्यावर ती खाली आली. रिटर्नची शेवटची तारीख एकतीस जुलै.

"रिटर्न एकत्र भरू, माझी हरकत नाही," ती दारातूनच म्हणाली. "पण 'कधीपासून विभक्त' या रकान्यात तारीख घालायची. घोडेबाजाराचा गुरुवार."

"ईस्टरला आईकडे जोडीनं गेलो होतो ते?"

"तुझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. मी तिच्यासाठी गेले."

"एका टेबलावर बसून जेवलीस!"

"मग काय उभ्यानं जेवू? तारीख घाल, आन्सगार. नाही घालायची तर तसं तोंडानं सांग, मी वकीलबाईंना कळवते."

तोंडानं नाही म्हणायची हिंमत असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. तो म्हणाला, "घालतो की! पण आधी हे अपडेट तर व्हायला हवं."

हे मात्र खरं होतं. सरकारने मध्यंतरी फॉर्म बदलला होता आणि नवा फॉर्म उतरवून घेतल्याशिवाय माझ्याकडून रिटर्न जाणार नव्हता. त्या संध्याकाळी त्याने मला कामाला लावलं. मी इमानेइतबारे फॉर्म उतरवायला घेतला. बासष्ट टक्के झाले. तेवढ्यात त्याने बाण सरकवत आणला आणि 'रद्द करा' दाबलं. मग जिन्याकडे तोंड करून ओरडला, "अडकलं बघ परत!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी माझ्या रोजनिशीत नोंद केली. वेळ सहा बेचाळीस, अपडेट थांबले, वापरकर्त्याने रद्द केले. ही रोजनिशी मी लिहितो हे या गृहस्थाला ठाऊकच नव्हतं. एवढ्या फायली ठेवणारा माणूस, पण दुसरंही कुणी फाईल ठेवत असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

तो दिवस धरून एकूण अकरा दिवस हाच खेळ चालला. दिवसभर दुरुस्तीचं नाटक, संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला 'रद्द करा'. एकदा त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, एकदा व्हायरसचा पहारेकरी झोपवला. जागा नसेल म्हणून जुन्या फायली पुसल्या. नवी केबल आणली आणि ती तिच्या नजरेला पडेल अशी जिन्याच्या पायरीवर ठेवली. एका दिवशी तर त्याने मला मुळासकट उपटून पुन्हा चकतीवरून बसवलं. त्यात काय हाल होतात ते तुम्हाला नाही कळायचं. रोजनिशी तेवढी वेगळ्या फोल्डरमध्ये असते, म्हणून ती वाचली.

मेख्टहिल्ड हाताची घडी घालून दारात उभी राहायची.

"कंपनीला फोन केलास?"

"दहादा केला. लागतच नाही. हे भंगार आता फेकायच्या लायकीचं झालंय."

फोन त्याने एकदाही केला नव्हता, आणि भंगार मी! नाचता येईना अंगण वाकडं.

शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी गावात नेमबाज मंडळाचा उत्सव होता. आन्सगार तिथला जुना सभासद. हिरवा कोट घालून बँडच्या मागून मिरवणुकीत चालायचं म्हणजे त्याच्यासाठी दिवाळीच. सकाळी तो सदरा हातात घेऊन जिन्याखाली उभा राहिला.

"मेख्टहिल्ड, नुसती इस्त्री. धुतलेला आहे."

"इस्त्रीही कोर्टात मोजतात," वरून उत्तर आलं.

तो चुरगळलेल्या सदऱ्यावर कोट चढवून निघून गेला. दार वाजलं तशी ती खाली आली, माझ्यासमोर बसली आणि तिने कंपनीला फोन लावला. पहिल्या घंटीला नाही, पण तिसऱ्या घंटीला लागला. पलीकडे क्लेम नावाच्या बाई होत्या.

"लाल काही दिसतंय का?" क्लेमबाईंनी विचारलं.

"नाही. नुसतं 'अपडेट अपूर्ण' म्हणतंय."

"मग 'मदत'वर जा. खाली 'रोजनिशी' आहे, ती उघडा आणि मला वाचून दाखवा."

मेख्टहिल्डने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी मोठ्याने, तिसरी हळू आवाजात, आणि चौथीनंतर ती नुसती बोटाने ओळी मोजू लागली.

"सगळीकडे तेच लिहिलंय का? वापरकर्त्याने रद्द केले?"

"अकरा वेळा."

"नेटचा दोष असता तर तसं लिहून आलं असतं, बाई. हे कुणीतरी दाबलंय. घरात मांजर आहे का? कीबोर्डवर बसतात मेली."

"मांजर नाही. नवरा आहे."

"तो दोष आमच्याकडून दुरुस्त होत नाही," क्लेमबाई म्हणाल्या.

मेख्टहिल्डने मला पुन्हा कामाला लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. चार मिनिटं. शंभर टक्के! दोन आठवडे ज्याच्या नावाने ठणाणा चालला होता ते काम चार मिनिटांत झालं. मला शाबासकी मिळाली का? नाव नको. तिने रोजनिशीचा कागद छापून घेतला आणि त्याची वाट पाहत बसली.

आन्सगार सहाला आला, बिअरने चेहरा लाल, कोट उघडा.

"अकरा," ती म्हणाली आणि कागद त्याच्यासमोर धरला.

त्याने वाचला. परत वाचला. "यंत्र आहे. चुकतं कधीकधी."

"रोज पावणेसातला चुकतं? घड्याळ लावून?"

"अगं, तुझं काय जातंय एवढ्या चार-सहा महिन्यांत? अठ्ठावीस वर्षं राहिलीस ना?"

"राहिले. पुरे झालं."

तो खाटेवर बसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "त्या गुरुवारी जत्रेत आपण भाजलेले बदाम घेतले होते. एका पुडीतून खाल्ले. वेगळी झालेली माणसं असं खातात?"

"तू खाल्लेस. मी पुडी धरून उभी होते," मेख्टहिल्ड म्हणाली. "आणि मी तुला तिथेच सांगितलं, आज मी वर झोपणार आहे, उद्याही, परवाही. त्यावर तू काय म्हणालास आठवतंय? म्हणालास, गरम आहेत तोवर घे."

ती कागदाची घडी करत उठली.

"माझा रिटर्न मी वेगळा भरते. कागदावर, हातानं. तुझी सही नको आणि हे तुझं यंत्रही नको. आणि हा कागद वकीलबाईंकडे जाणार आहे. कोर्टात ईस्टरचं नाव काढून बघ."

'तुझं यंत्र' म्हणाली ते मला लागलं. तिचं काम मीच केलं होतं. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायची या घराची रीतच आहे. सोमवारी ती कर कार्यालयातून कोरा फॉर्म घेऊन आली आणि मंगळवारी भरून देऊनही आली.

राहिला आन्सगार. एकतीस तारखेला दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. आता रिटर्न त्याच्या एकट्याचा होता. त्याने सगळी पानं भरली आणि तो एक रकाना तेवढा कोरा सोडला. मी तो लाल केला. विवाहित आहात, एकट्याने भरताय, मग कधीपासून विभक्त?

त्याने ईस्टरची तारीख घातली. पुन्हा लाल. मी गेल्या वर्षाचा रिटर्न, एकतीस डिसेंबरला माझी हद्द संपते. ही तारीख त्या वर्षात बसत नाही, असं मी त्याला कळवलं. त्याने तीच तारीख पुन्हा घातली, जोरजोरात कळा बडवत. मी पुन्हा लाल. माझ्या चौदा बापांचा उद्धार झाला. टेबलावर मूठ आपटली गेली. मी ढिम्म हललो नाही. मला त्याची कीव आली असं मी म्हणणार नाही, अकरा वेळा गळा दाबलेला मी विसरत नाही.

मग त्याने सावकाश, एकेक कळ शोधत, सात नोव्हेंबर लिहिलं. मी रकाना हिरवा केला. रिटर्न पाठवायला सहा सेकंद लागले.

तो उठून जिन्याखाली गेला.

"मेख्टहिल्ड! गुरुवारच घातलाय मी."

वर काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. ती पेट्या भरत होती.

"तुझ्या कागदावरही तोच आहे ना?" त्याने विचारलं.

"तोच," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत या दोघांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर लिहिलं असेल तर ते हे. माझ्याकडे परत येऊन त्याने कॉम्प्युटर बंद केला, आणि तेव्हापासून मला उघडलेलं नाही. मीही वाट बघत नाही. डिसेंबरात माझा धाकटा भाऊ येईल आणि मला पुसून टाकतील, आमच्यात तसंच असतं.

जाता जाता एकच सांगतो, विनवणी समजा नाहीतर दम समजा. अपडेट होत नसेल तर केबल तपासा, जागा तपासा, वाटलं तर मला उपटून पुन्हा बसवा. पण शिव्या घालायच्या आधी समोर बसलेल्या माणसाला एकदा विचारा, बाबा रे, तुला हे व्हायला हवंय का? हा प्रश्न माझ्या कुठल्याही पानावर नाही. तो तुम्हालाच विचारावा लागेल.