एकाच रस्त्याचा संघ

पाइक रॅपिड्सच्या आइस हॉकी संघाची बस आयली लेहतिनेन सव्वीस वर्षं चालवत होती. खेळाडू आले, बर्फावर दात पाडून घेऊन गेले, प्रशिक्षक बदलले. स्टिअरिंगवरचे हात तेवढे तेच राहिले. म्हणून लीगचं पत्र आलं तेव्हा संघाचा मालक रोजे ग्राव्हेल यानं आधी तिलाच बोलावलं.

"संघ दक्षिणेला हलवायचं म्हणतायत," तो म्हणाला. "टोरांटोच्या शेजारी, सहा लाख वस्तीचं शहर, नवंकोरं रिंक. आपण पडलो अठरा हजार. संपलं बघ, आयली."

"कोण म्हणतं संपलं? पत्र लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा येऊन बघ."

आणि तो आलाही. ड्वाइट पेनर, पस्तिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. कुठल्या गावाला संघ परवडेल ते ठरवणं हे त्याचं लीगमधलं काम. शुक्रवारी सकाळी रोजेच्या टेबलावर त्यानं नकाशा पसरला. पाइक रॅपिड्सभोवती निळं वर्तुळ होतं: तासाभरात गाडीनं पोचता येईल एवढा मुलूख.

"वर्तुळात तुमचं एक गाव," तो म्हणाला. "बाकी नुसती झाडं आणि तळी."

आयलीनं वाकून पाहिलं. "वर्तुळ सुरेख आलंय रे. पण इकडे रस्ता एकच आहे, पोरा, आणि तो गोल फिरत नाही. सरळ पश्चिमेला जातो. उद्या दुपारी दोनला सामना. प्रेक्षकांना आणायला मी आज निघतेय, मुक्काम नणंदेकडे सेंट-ओनेझिमला. चल बरोबर."

"किती लांब आहे?"

"तीनशे ऐंशी किलोमीटर."

"आणि तिथून माणसं हॉकी बघायला येतात?"

"नाही, मी मोकळी बस फिरवते. हौस आहे मला!"

शनिवारी सकाळी आठला, उणे एकतीस अंशांत, सेंट-ओनेझिमच्या चर्चसमोर चौदा माणसं उभी होती. मादाम तिबो मैद्याच्या पारीत भाजलेली खिम्याची गरम तूर्तियेर घेऊन चढल्या आणि ड्वाइटच्या मांडीवरच ठेवून मोकळ्या झाल्या. "सांभाळा. पाडलीत तर उतरवीन."

पुढे लाकूडगिरणीच्या वस्तीवर नऊ जण. मग पेट्रोलपंप, मालकानं दाराला पाटी लावली होती: 'सामन्याला गेलोय. घाई असेल तर तुम्हीही या.' क्री आदिवासींच्या वसाहतीत नर्स लॉरेटा वेस्ली सोळा जणांना घेऊन चढली. जागा भरल्या तशी मागे पिकअप गाड्यांची रांग लागली. ड्वाइट प्रत्येक थांब्याला नकाशावर पेन्सिलनं ठिपका देत होता.

लॉरेटानं विचारलं, "तुझ्या त्या सहा लाखांच्या शहरात शनिवारी दुपारी लोक काय काय करतात?"

"सिनेमा, बास्केटबॉल, मॉल... बरंच काही."

"म्हणजे हॉकीच्या वाट्याला कितवा हिस्सा? इथे अख्खा शनिवार हॉकीचाच आहे बाबा."

मागच्या बाकांवर हशा पिकला. ड्वाइटही हसला, पण वहीत त्यानं काहीतरी लिहिलंच.

पाइक रॅपिड्स वीस किलोमीटरवर असताना रेल्वेचं फाटक लागलं. रुळांवर मालगाडी आडवी उभी. ना पुढे, ना मागे. दीड वाजला, पावणेदोन झाले. आयलीनं रोजेला फोन लावला.

"मी काय करू?" रोजे ओरडला. "लीगच्या परवानगीशिवाय सामना थांबवता येत नाही!"

"लीग माझ्या मागेच बसलीय," असं म्हणून तिनं फोन ड्वाइटच्या हातात दिला.

बसभर माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. "पेनर बोलतोय," तो शेवटी म्हणाला. "सामना अर्धा तास उशिरा सुरू करा. माझ्या जबाबदारीवर."

मादाम तिबोंनी तूर्तियेरचा सर्वांत मोठा तुकडा त्याला दिला.

मालगाडी हलली आणि ते अडीचला पोचले. गावातल्या एकानंही जागा सोडली नव्हती. बसमधली मंडळी आत शिरली तसं सगळं रिंक उठून टाळ्या वाजवू लागलं, "आले एकदाचे पश्चिमवाले!" कोणीतरी वरून ओरडलं. ड्वाइट दाराशीच थबकला. सांगायचं ते रस्त्यानं सांगून झालं होतं.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. संघ राहणार होता, पण अटीवर: दर हंगामात पाच सामने सेंट-ओनेझिमच्या रिंकवर, आणि संघाचं नाव गावाचं नाही, साऱ्या महामार्गाचं.

रोजे रडकुंडीला आला. "पाच सामने गेले! नावही गेलं! गावात तोंड कसं दाखवू?"

"सगळाच गेला असता तो संघ. पाचांनी रडतोस काय? गावाला मी बघते."

गाव चिडलंच. न्हाव्यानं दोन महिने तिच्याशी अबोला धरला. आयलीनं कोणाची मनधरणी केली नाही; ऑक्टोबरात पश्चिमेकडचा पहिला सामना ठरला, तेव्हा शुक्रवारी दुपारी तिनं बस नगरपालिकेसमोर आणली, दार उघडलं आणि इंजिन चालू ठेवून बसली. पाच मिनिटं कोणी फिरकलं नाही. मग न्हावी आला, काखेत उशी, हातात थर्मास.

"किती तास लागतात गं?" त्यानं कुरकुरत विचारलं.

"पाच. पुढे सरक, मागे माणसं आहेत."