डॉक्टरांना कळवावे

डोंगराआड डोंगर, त्याच्याआड आणखी एक, आणि मधल्या घळीत हॅकवर्थांचं पत्र्याचं घर. ऊन तिथं दहाला उतरायचं आणि तीनला माघारी फिरायचं. ट्रेसा रात्रपाळी करून परतायची तेव्हा घळीत धुकं असायचं, खुडूक कोंबडीसारखं अंग फुगवून बसलेलं.

त्या सकाळी तिनं पायरीवरच बूट काढले. बारा तास उभे असलेले पाय बुटांतून निघायला तयार नव्हते. आत खिडकीशी तिचे वडील, ऑर्व्हिल. नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर प्रश्नांच्या कार्डांचा गठ्ठा.

"आलीस? बस. कॉफी ओतून ठेवलीय. पहिलं कार्ड."

"बाबा, तोंड तरी धुऊ द्या."

"उत्तर द्यायला तोंड धुवावं लागत नाही. बस."

ऑर्व्हिलनं एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती. खाण कधीच बंद पडली, पण तिचा वाटा त्याच्या छातीत राहिला. चार शब्द बोलला की तो पाचव्यासाठी थांबायचा. तरी जूनपासून रोज सकाळी लेकीला प्रश्न वाचून दाखवायचं काम त्यानं कुणाला दिलं नव्हतं. घरात दुसरं होतं तरी कोण? आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि ट्रेसाचा नवरा त्याच्याही आधी निघून गेला, आपल्या पायांनी.

बावीस वर्षं ट्रेसा नर्स होती. नोकरी सांभाळून तिनं तीन वर्षं नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण घेतलं. तशी नर्स झाली की रोगी स्वतः तपासायचा, निदान स्वतः करायचं, औषध स्वतः लिहून द्यायचं. शिक्षण झालं, उरली ती प्रमाणपत्राची परीक्षा. जूनमध्ये ती थोडक्यात नापास झाली. वर्षात दोनदाच बसता येतं. दुसरी खेप आता तीन आठवड्यांवर होती.

आणि खाली घळीच्या तोंडाशी दवाखाना वाट पाहत होता. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनर इमोजीनबाई वसंतात थकून निवृत्त झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून एक दिवस कुणीतरी बाहेरचं येऊन जायचं. दवाखान्याच्या मंडळानं सांगून टाकलं होतं, वर्षअखेरपर्यंत ट्रेसा पास झाली तर दवाखाना तिचा, नाहीतर जानेवारीत कुलूप. मग खोकला असो की कळ असो, दोन घाट ओलांडून दीड तास जायचं. ऑर्व्हिलला तर त्या घाटातली पहिली चार वळणंसुद्धा सोसत नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलत नसत.

"बत्तीस वर्षांची बाई," ऑर्व्हिलनं वाचलं. "दोन दिवस लघवीला जळजळ. ताप नाही. पाठ दुखत नाही. गरोदर नाही. तुम्ही काय कराल? अ, पाणी भरपूर प्यायला सांगून आठवड्यानं बोलवाल. ब, पाच दिवसांचं औषध लिहून द्याल. क, डॉक्टरांना कळवाल. ड, मूत्रपिंडांची सोनोग्राफी."

ट्रेसाला औषधाचं नाव ठाऊक होतं. मात्रा ठाऊक होती, दिवसातून किती वेळा ते ठाऊक होतं, कुणाला द्यायचं नाही तेही ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले.

"क," ती म्हणाली.

कार्ड उलटायचीही गरज नव्हती. ऑर्व्हिलनं ते डाव्या बाजूला ठेवलं. डाव्या बाजूला चुकलेली. तो ढीग रोज उंच होत होता, आणि त्यातल्या बहुतेकांवर तेच एक उत्तर होतं.

"अगं, कोण हा डॉक्टर? सगळ्या कार्डांत तू त्यालाच हाक मारतेस. नातं जुळवायचंय का त्याच्याशी?"

ट्रेसा हसली नाही. हसायला लागते तेवढी ताकद अंगात नव्हती.

चूक साधी होती आणि हाडीमाशी भिनलेली होती. नर्सनं बघायचं, ओळखायचं आणि कळवायचं. त्यातही कळवायची एक रीत होती. आज पहाटेच नऊ नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची नाडी अडखळत होती. त्याच्या रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं असणार हे ट्रेसानं दारातूनच ओळखलं होतं. पण तसं म्हणायचं नसतं. नवखा डॉक्टर प्रुइट जांभई देत आला तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, पोटॅशियम बघावं असं तुमच्या मनात असेल ना?"

"हो, तेच सांगणार होतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरून बरोबरच्या नर्सनं, लुएलानं डोळा मारला. "काय हुशार पोरगा गं! बावीस वर्षं झाली, तूच शिकवतेयस त्याला, तोंडवळा तेवढा बदलतो."

बावीस वर्षं! जात्याचा खुंटा आपल्या हातात, दळण आपलं, आणि पीठ पडायचं दुसऱ्याच्या नावानं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. खरं तर बरंच वाटायचं. पीठ भरड निघालं तर बोल त्याला.

"दुसरं कार्ड," ऑर्व्हिल म्हणाला.

"नको बाबा. आज नको. मला येतं हो सगळं. पण तिथं पोचले की हात मागे येतो. माझं चुकलं तर? वर कुणीच नसणार. मी म्हणेन तेच शेवटचं."

ऑर्व्हिलनं गठ्ठ्याला रबर लावलं. मग ऑक्सिजनचं यंत्र जरा जवळ ओढून घेतलं.

"मी तपासनीस होतो तेव्हा," तो म्हणाला, "पहिली पाळी आत जायच्या आधी मी एकटा जायचो. तीन तास. छत ठोकून बघायचं, वायू बघायचा, वारा बघायचा. आणि जिथं जिथं बघितलं तिथं खडूनं लिहायचं. तारीख, वेळ, आणि माझी आद्याक्षरं, ओ. एच."

"माहितीय. तुमच्या शर्टाच्या खिशात कायम खडू असायचा. आई ओरडायची."

"त्या दोन अक्षरांवर चाळीस माणसं आत यायची. कुणी विचारायचं नाही. अक्षरं दिसली की डबा ठेवायचे आणि कामाला लागायचे."

"म्हणजे तुम्ही कधी चुकला नाहीत."

"चुकलो ना." त्यानं श्वास गोळा केला. "क्लेल रॅमीचा पाय. मी ठोकलं तेव्हा छत घट्ट वाजलं होतं, पोरी. नीट वाजलं होतं. नऊला खाली आलं."

क्लेल रॅमीला ट्रेसा लहानपणापासून ओळखत होती. प्रार्थनेला कुबडी घेऊन यायचा. रविवारी बाबा त्याच्याकडे मक्याचा पाव घेऊन का जातात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"मग? दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"तीनला उठलो. आत गेलो. जास्त वेळ ठोकलं." तो थांबला. "आणि अक्षरं लिहिली. मी नसती लिहिली तर दुसऱ्या कुणीतरी लिहिली असती, आणि त्याला ते छत माझ्याइतकं ओळखीचं नव्हतं."

ट्रेसानं थंड झालेली कॉफी एका घोटात संपवली.

"आणि वायू असला तर?"

"तर फळी आडवी मारायची, धोका लिहायचं, आणि बाहेर येऊन फोन करायचा. पण ते कळवणं नव्हे बरं का. ते मीच ठरवलेलं असायचं. फळीवर पण अक्षरं माझीच."

उन्हाची पहिली तिरीप खिडकीत आली. ट्रेसानं हात पुढे करून गठ्ठ्याचं रबर काढलं.

"वाचा," ती म्हणाली.

तीन आठवडे असेच गेले. पाळी, पायरी, बूट, कार्डं. पहिला प्रश्न काळजाचा, दुसरा फुप्फुसांचा, तिसरा अंगावर चट्टे उठलेल्या तान्ह्या लेकराचा. डावा ढीग हळूहळू बसत गेला. पूर्ण मात्र कधी गेला नाही.

परीक्षा लेक्सिंग्टनला. अडीच तास गाडी चालवून ट्रेसा पोचली. तिथल्या बाईनं खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, चष्मासुद्धा फिरवून पाहिला. आत नेताना लिहायला एक गुळगुळीत पाटी आणि पेन दिलं. ट्रेसानं पहिल्यांदा त्या पाटीच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि खाली दोन अक्षरं. टी. एच. मग पहिला प्रश्न उघडला.

दीडशे प्रश्न. ऐंशीच्या पुढं अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. दर दहा-बारा प्रश्नांनी तो ओळखीचा पर्याय यायचा, जुन्या शेजाऱ्यासारखा, ये बस म्हणणारा. ती त्याच्याकडे बघायची, आणि पुढे जायची.

मग एकशे अकरावा आला. सदुसष्ट वर्षांची बाई, एक डोळा लालभडक, दिव्याभोवती वलयं दिसतात, डोकं ठणकतंय, उलट्या. बाहुली मोठी, उजेडाला हलत नाही. पर्यायांत थेंब होते, पट्टी होती, दोन दिवसांनी पुन्हा बोलावणं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

ट्रेसाचा हात थबकला. तीन आठवडे हाच मोह मारायला शिकली होती. पुन्हा तेच करतेय का मी? थकलेय म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात घालतेय का? तिनं डोळे मिटून त्या बाईला समोर बसवलं. बाई कण्हत होती. काही तासांत उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याला पुन्हा उजेड दिसणार नव्हता. दवाखान्यात यावर इलाज नव्हता. इथं छत नव्हतं ठोकायचं, इथं वायू होता.

फळी, ती मनात म्हणाली, आणि शेवटचा पर्याय निवडला.

बाहेर पडताना खिसे तपासणाऱ्या बाईनं घडी घातलेला कागद दिला. ट्रेसानं तो गाडीत बसून उघडला. दोनदा वाचला. आनंद वगैरे काही झाला नाही. मान मागे टाकून ती वीस मिनिटं गाढ झोपली, आणि मग घरी फोन लावला.

"झाले पास, बाबा."

पलीकडे यंत्राचा आवाज. श्वास. पुन्हा श्वास.

"आज पाळी आहे का तुझी?"

"आहे. सात वाजता."

"मग घेवडा शिजत टाकतो. खाऊन जा."

परवान्याचा कागद यायला नोव्हेंबर उजाडला. दवाखान्यात पहिल्या दिवशी नेवा कॉडिल आली. वय पंच्याहत्तर, पायाच्या अंगठ्याजवळ भरत नसलेली जखम. खुर्चीत टेकून तिनं मोजा काढला आणि दाराकडे पाहिलं.

"डॉक्टर केव्हा येणार गं, ट्रेसा?"

"कुणी यायचं नाहीये, नेवाकाकू. मीच आहे."

नेवानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तर मेल्यासारखी दमलेली दिसतेस."

"आहेच मुळी."

"बरं," म्हणत नेवानं पाय पुढे केला. "मग बघ."

ट्रेसा गुडघ्यांवर बसली. जखम पाहिली, बोटांची ऊब पाहिली, घोट्यामागची नाडी सापडेपर्यंत बोट ठेवलं. मग जरा जास्त वेळ ठेवलं.