शेवटचा परिच्छेद

पावसाळ्यातल्या वर्षावासात डोंगरकडा गावच्या बौद्ध विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. त्या दिवशी मात्र पंचफुलाबाईंनी ग्रंथ बाजूला ठेवायला लावला. "आज माझी दीक्षा तिचीच गोष्ट वाचंन," त्यांनी बायकांना सांगितलं. "छापून आलीय. बक्षीसबी भेटलंय."

त्यांच्या लेकीनं, दीक्षानं, हातातलं मासिक मिटून घेतलं.

हिंगोलीला एम.ए.च्या वर्गात सरांनी अविश्वसनीय निवेदक शिकवला होता. गोष्ट सांगणारा 'मी' खोटं बोलतो आणि लेखक ते वाचकाला हळूच कळू देतो. दीक्षानं तसाच 'मी' रचला. तिच्याच नावाची, तिच्याच गावची मुलगी; दहावीचं हॉलतिकीट आईनं लपवलं म्हणून रडणारी. शेवटच्या परिच्छेदात ती कबूल करणार होती, की नापास व्हायच्या भीतीनं तिनं स्वतःच ते चुलीत घातलं. खरं घडलं होतं तेच. दुसऱ्या दिवशी आई बिचारी शाळेत जाऊन, हातापाया पडून नवं हॉलतिकीट घेऊन आली होती. पण तो परिच्छेद लिहायच्या आधीच मैत्रिणी कच्ची गोष्ट वाचून ढसाढसा रडल्या, आणि आमच्या लेखिकाबाईंनी तो लिहिलाच नाही. तशीच मासिकाच्या स्पर्धेला पाठवली. बक्षीस त्या रडण्याला मिळालं.

आता अंक हातात आणि समोर आई. आईला वाचता येत नाही, एवढाच काय तो आधार. दीक्षानं धडधडीत बदलून वाचलं, "आईनं हॉलतिकीट पदराला गाठ मारून ठेवलं, हरवू नये म्हणून."

"तसं न्हाई छापलेलं," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "शेजारच्या राणीनं मला दोनदा वाचून दाखवलंय. मी लपवलं म्हणून लिवलंय त्यात." मग त्या बायकांकडे वळल्या. "चार दिवसांपासून आठवून राहिले, कुठं लपवलं असंन, काहून लपवलं असंन. याद येईना. पण पोरगी शिकलेली हाय, खोटं कशाला लिवंन? समद्यांपुढं तिची माफी मागावी म्हणून तिला आज वाचाया बसवलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं दीक्षाला झालं. शरमेनं तिला मान वर करवेना.

"आई, तू न्हाई लपवलं," ती खालीच बघत म्हणाली. "मीच चुलीत घातलं होतं, नापास व्हायच्या भ्यानं. अन् गोष्टीतबी खोटं लिवलं."

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग माझी याद बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, डोकं फिरलं माझं."