भुंगीच्या पोटात गेलेलं निळं बटण

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर तुमच्या करंगळीचं नख पाहा. तेवढाच माझा पसारा. मी शर्टाचं एक निळं, चार भोकांचं, आता बऱ्यापैकी जुनं झालेलं बटण आहे. पण मी केलेला प्रवास दुसऱ्या कोणत्याही बटणाला घडू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं गेलं, गार झालं आणि आम्ही हजारो भावंडं खडखडत एका पेटीत पडलो. त्यातले आठ जण एका शर्टाच्या वाट्याला आलो. सात जण पुढे, रांगेत. आठवा आतल्या शिवणीवर, खाली कुशीपाशी. कुणी हरवलंच तर कामी यावा म्हणून. त्याला आम्ही ‘राखीव’ म्हणायचो आणि थोडं हसायचोही. बिचाऱ्याला जग कधी दिसायचंच नाही.

शर्ट भुंगीच्या बाबांचा होता. भुंगी म्हणजे दीड वर्षांची त्यांची लेक. दिवसभर गुणगुणत घरभर फिरते, म्हणून तिचं हे नाव. मी वरून तिसरा. बाबांनी तिला कडेवर घेतलं की तिचं बोट नेमकं माझ्यावर यायचं. एकदा इस्त्री करताना आईच्या हातून इस्त्रीचं टोक माझ्यावर टेकलं आणि माझी कड एका जागी वितळून तिथे गुळगुळीत खळगा झाला. आई हसून म्हणाली, “अगंबाई, याच्या गालाला तर खळी पडली!” त्या दिवसापासून भावंडांत मी जरा ताठ मानेने राहू लागलो.

पण भुंगीच्या रोजच्या ओढण्याने माझा दोरा सैल झाला. आई म्हणायची, “आज टाके घालतेच.” बाबा म्हणायचे, “राहू दे गं, एका दोऱ्यावर तग धरून आहे की तो.” सुई डब्यात, डबा कपाटावर आणि मी लोंबकळत. असे किती दिवस गेले!

एका रविवारी बाबा भुंगीला मांडीवर घेऊन मऊ भात आणि उकडलेलं अंडं भरवत होते. तिने मला हिसका दिला. मी तुटून ताटलीतल्या भातात पडलो आणि पुढच्या घासाबरोबर सरळ तिच्या तोंडात गेलो.

तिथे चिमुकले दात भात चिरडत होते आणि लाळ त्यात मिसळत होती. भाताचं पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं, हे मला तेव्हा कळलं. मग जिभेने आम्हाला मागे ढकललं. गिळताना श्वासनलिकेवर एक झाकण पडतं. ते वेळेवर पडलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. अन्ननलिकेने आवळत, ढकलत आम्हाला खाली नेलं.

बाहेरचे आवाज मला पुसट ऐकू येत होते. बाकीचं नंतर भावंडांनी सांगितलं.

“अरे, तुझं तिसरं बटण कुठंय?”

“कोणतं तिसरं?”

“शर्टाचं! मघाशी होतं तिथे. भुंगी, आ कर. आ कर बाळा!”

तोंड रिकामं होतं. आईने मांडीखाली पाहिलं, ताटलीत पाहिलं, फरशीवर हात फिरवला. मग शर्ट पिशवीत घालून ती दोघं भुंगीला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी आधी एकच विचारलं, “घड्याळात, खेळण्यात असतो तो चपटा सेल नाही ना? तो असेल तर क्षणभरही थांबायचं नाही.”

“नाही, हे बघा, अस्संच होतं,” आईने शर्ट टेबलावर पसरला. “फक्त त्याच्या कडेला खळी आहे. इस्त्रीची.”

डॉक्टरबाईंनी भुंगीला नीट तपासलं. माझी भावंडं चाचपून पाहिली. “गुळगुळीत आहे. बहुतेक आपणहून बाहेर येईल. नेहमीसारखं खाऊ घाला, शी रोज तपासा. उलटी, ताप, पोटदुखी, रक्त, काहीही दिसलं तर लगेच इकडे या.”

तोवर मी जठरात पोहोचलो होतो. जठर म्हणजे सतत घुसळणारी पिशवी. तिच्या भिंतींतून झिरपणारं आम्ल आणि पाचकरस अंड्याच्या तुकड्यांना पार विरघळवत होते. ती पिशवी स्वतः कशी जळत नाही? तिच्या आतून एक चिकट लेप असतो. माझ्यावर मात्र कुठल्याच रसाचं काही चालेना. सोबती पातळ होऊन पुढे गेले, मी दाराशी अडून राहिलो. पोट रिकामं झाल्यावर एक मोठी लाट आली, तिने मला पुढे लोटलं.

लहान आतडं नावाला लहान. लांबीला भुंगीच्या कितीतरी पट! तिथे यकृताकडून पित्तरस आला, त्याने स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब केले. स्वादुपिंडाच्या रसाने उरलेलं काम हाती घेतलं. आतून सगळी मखमल. त्या मखमलीने अन्नाचा कस टिपून रक्तात पाठवला. सकाळी जे भाताचं शीत होतं, ते संध्याकाळी भुंगीच्या पायांतली धाव झालं होतं! मला हेवा वाटला, मित्रांनो. मीच एकटा कुणाच्या उपयोगाचा नव्हतो.

बाहेर आईने कागदावर वेळा लिहून तो भिंतीला चिकटवला होता. प्रत्येक लंगोट ती हातमोजे घालून तपासायची. भुंगी गुणगुणत खेळायची आणि आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी बाबांचा आनंदी आवाज आला. “सापडलं बघ! धुऊनच आणलं.”

आईने ते बोटांत फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “याची खळी कुठंय?”

“कसली खळी?”

“हे ते नाही. हे शर्टाच्या आतलं आहे. कात्रीने कापलंस ना?”

बाबांचा आवाज एकदम लहान झाला. “तू दोन दिवस जेवली नाहीस गं. मला बघवेना.”

“अरे वेड्या, माझा विश्वास बसला असता तर? मी शोधायची थांबले असते!” आईला रडू फुटलं, आणि रडतारडताच ती हसली. “वाढ मला. जेवते. पण पुढचा लंगोट दोघं मिळून बघायचा.”

“नाक धरून?”

“नाक धर, पण डोळे उघडे ठेव.”

मी तेव्हा मोठ्या आतड्यात होतो. तिथे उरलेलं पाणी परत शोषलं जातं आणि असंख्य उपकारी जिवाणू राहिलेल्या चोथ्यावर काम करतात. चौथ्या दिवशी सकाळी मी उजेडात आलो. आईने मला साबणाने धुतलं, उकळत्या पाण्यात टाकलं आणि अंगठा माझ्या कडेवरून फिरवला.

“खळी आहे,” ती म्हणाली. बाबांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या सकाळी आईने दोनदा वाढून घेतलं.

मग तिने कपाटावरून डबा काढला. राखीवला तिसऱ्या जागी बसवलं, दुहेरी दोऱ्याने, घट्ट. मला आत, कुशीपाशी शिवलं. भुंगीचं बोट पोहोचणार नाही अशा जागी. आता जग मला दिसत नाही. राखीवला हसायचो, त्याची आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एका दोऱ्यावर लोंबकळत असेल, तर मोठ्या माणसांना आजच सांगा, आणि टाके पडेपर्यंत त्यांची पाठ सोडू नका. घासही नीट चावून खा. आत तुमच्यासाठी केवढी मेहनत चालते, ते मी पाहून आलो आहे.

जेवण झालं की बाबांचं पोट माझ्या कानाशी गुरगुरतं. भुंगी दचकून विचारते, “काय ते?” कुणालाच नीट सांगता येत नाही. मी मात्र प्रत्येक आवाज ओळखतो.