प्रभावळीतले मोर

"तात्या, तुमचा हा डायनासोर पोहायला कुठं शिकला?"

अक्षदाने विचारून टाकलं. भर मिटिंगमध्ये हे विचारायचा तुझ्यात दम नाही, असं नूपुर आणि ओवीने तिला डिवचलं होतं. आता दोघी मागच्या खुर्च्यांवर तोंड दाबून बसल्या होत्या.

परळच्या त्यांच्या चाळीच्या गणपतीत यंदा वरुणराजाचा देखावा होता. त्याचं वाहन म्हणून मंडळाचे अध्यक्ष तात्या भाड्याने आणणार होते एक फायबरचं धूड. मोबाइलवर फोटो फिरत होता: चार पाय, पाठीवर काटे, तोंडातून धूर. समुद्राशी त्याचं नातं एवढंच, की त्याला निळा रंग फासणार होते.

"वरुणाचं वाहन मकर," अक्षदाने आठवडाभर खपून काढलेलं चित्र पुढे केलं. "जबडा मगरीचा, अंग माशाचं, सोंड हत्तीची. मी बनवते ना, कागदाच्या लगद्याचा!"

"सोंड? बाप्पासमोर दुसरी सोंड? लोक हार कुणाला घालतील गो?"

सगळी कमिटी खो-खो हसली. तिचे पप्पासुद्धा.

तात्या बोलता बोलता बाप्पाची पितळी प्रभावळ चिंचेने घासत होते. दरवर्षीचा त्यांचा मान. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. अक्षदाने वाकून कमानीच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे एक प्राणी जबडा वासून बसला होता, सोंड वर वळवून. दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार.

"मग हे कोण?"

"मोर."

"मोराला दात?"

नूपुर फिसकन हसली. तात्यांचा अंगठा नेमका त्या दातांवर थांबला. जन्मभर ज्याचे दात घासले, त्याला हा माणूस मोर समजत होता!

"ठरलं ते ठरलं," तात्या गुरगुरले. "पोरींनी रांगोळीचं बघावं."

अक्षदा घरी उशिराच पोचली. पप्पा वाटच बघत होते. "उद्या तात्यांची माफी मागायची. चारचौघांत माझी शोभा केलीस."

"चित्र बरा काढलंस गो," आई हळूच म्हणाली, "पण मोठ्यांच्या तोंडाक लागू नये."

"पप्पा, खरं सांगा. ते मोर आहेत?"

पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

अक्षदाने तो बंदच केला.

"माफी नाही. रांगोळीही नाही. मकर मी बनवणार, समोरच्या गल्लीच्या मंडळासाठी. आत्ता तिकडूनच आले, ते हो म्हणाले. आणि दात असे मोठे लावणार, की तात्यांना आपल्या मांडवातून दिसले पाहिजेत."