बरोबर असण्याची सवय

रविवारी सकाळी अकरा वाजता चंद्रहास झूमवर बोलायला बसला की सिडनीतली चाळीस-पन्नास मराठी घरं चहाचे कप घेऊन ऐकायला बसायची. नोकरी आयटीतली, पण लॉकडाउन लागला आणि गडी मनाच्या सवयींवर बोलू लागला. प्रत्येक मुलाची ताकद त्याच्या आतच असते, आईबापांनी फक्त वाटेतून बाजूला व्हायचं, हे त्याचं लाडकं सूत्र. ते सांगताना ऐकणाऱ्यांपेक्षा तोच जास्त भारावून जायचा.

आणि हाच माणूस जुलैतल्या एका शनिवारी दुपारी, कॅसल हिलच्या आपल्या घरात, दहा वर्षांच्या लेकीशेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने खुर्ची सरकवून बसला होता. ओवीची सराव परीक्षा होती. प्रवेशपरीक्षा घेऊन हुशार मुलं निवडणाऱ्या सिलेक्टिव्ह शाळेच्या तयारीचा तिचा क्लास ऑनलाइन झाला होता, आणि पहिल्या बॅचमध्ये कोण राहणार ते या परीक्षेवर ठरणार होतं. त्याची बायको मधुवंती डॉक्टर, ती हॉस्पिटलात ड्युटीवर होती. ती घरी असती तर याची हिंमतच झाली नसती.

सुरुवातीला तो नुसता बघत होता. मग एका गणिताला ओवीने 'बी' निवडलं आणि त्याला राहवेना. त्याने गुडघ्यावर तीन बोटं ठेवली. ओवीने बोटांकडे पाहिलं, जरा थांबली आणि 'सी' केलं. असं सात वेळा झालं. सगळेच आईबाप करत असतील, अशी मनाची समजूत घालायला त्याला फारसा वेळ लागला नाही.

बुधवारी क्लासच्या प्रल्हाद सरांचा फोन आला. कोणत्या मुलाने कुठलं उत्तर बदललं, हे त्यांना कम्प्युटरवर दिसायचं. ओवीने सात उत्तरं बदलली होती, आणि त्यातली सहा आधी बरोबर होती.

आपण पकडले गेलो, असंच चंद्रहासला वाटलं. सरांना मात्र संशय नव्हता, काळजी होती. पोरगी हुशार आहे, पण स्वतःवर भरवसाच नाही, तेव्हा तूर्तास तिला खालच्या बॅचमध्ये घेतो, असं ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही रविवारी इतकं छान बोलता. जरा घरीही बोला तिच्याशी."

टोमणा असता तर परवडलं असतं. पण माणूस अगदी मनापासून बोलत होता. "हो, बोलतो," म्हणून चंद्रहासने फोन ठेवला आणि त्याचे कान तापले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. स्वतःची अब्रू झाकायला त्याने पोटच्या पोरीला खाली ढकललं होतं.

ओवी मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिनवर बसली होती. त्याने तिला बॅचचं सांगितलं. मग नजर चुकवत, आपण दाखवलेली उत्तरं चुकीची होती, हेही सांगितलं.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं."

"मग बदललीस कशाला गं?"

"तुला वाईट वाटलं असतं. तुला बरोबर असायला आवडतं ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाबाला चहात साखर कमी लागते, हे सांगावं तसं तिने सांगितलं. माणसाच्या स्वभावावर वर्षभर बडबडणाऱ्या बापाचा स्वभाव या पोरीने कधीच ओळखला होता, आणि मुकाट्याने त्याला सांभाळूनही घेत होती. हे कधीपासून चाललंय, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

त्याने तिथेच सरांना फोन लावला. ओवीने त्याचा हात धरला.

"बाबा, नको ना. सगळ्यांना कळेल. मला चालेल खालची बॅच."

ते ऐकून त्याला क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

पलीकडे प्रल्हाद सरांनी फोन उचलला होता.

"सर," चंद्रहास म्हणाला, "ओवीचा स्वतःवर भरवसा आहे. तिच्याशेजारी मी बसलो होतो."