बिनबोल्टचा क्रँक

कॉरीन हॉल्व्हर्सन एका हाताने स्वतःची नवीकोरी सायकल आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची जुनी ढकलत दुकानात शिरली, तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली. त्यात तिने काउंटरवर बिअरचे सहा डबे ठेवले. आमच्या कंबरलँड गावात मेकॅनिकच्या गळ्यात नको ते काम मारायचं असलं, की आधी बिअर पुढे करतात.

"लॉर्नचे क्रँक हिला लाव," नवऱ्याच्या सायकलच्या पायडलच्या दांड्यांकडे बोट दाखवत ती म्हणाली.

"हिला नवे आहेत की! हलके, मापाचे."

"ते तुला घे."

"अगं बाई, हिचं मागचं चाक रुंद आखाचं. फ्रेमही मागे रुंद. जुने क्रँक लावले तर दातेरी चकती फ्रेमला घासेल, चेन तिरकी ओढेल. त्या काळातलं माप या काळात बसत नाही."

"इंटरनेटवरचे शहाणे हेच म्हणाले. म्हणून तर तुझ्याकडे आले, मर्विन." मग खाली बघत म्हणाली, "बसले तर शनिवारी येते तुझ्याबरोबर. नाही बसले तर ही विकून टाकते."

लॉर्नला जाऊन दीड वर्ष झालं होतं. करवतीला धार लावता लावता शेडमध्येच बसला, तो उठलाच नाही. त्याआधी आम्ही तिघं दर शनिवारी जंगलात जायचो. लॉर्न पुढे, मी धापा टाकत मध्ये, आणि मागून कॉरीन माझ्या पोटावरून टोमणे मारत. तो गेल्यापासून ती सायकलवर बसली नव्हती. मी एकटा जायचो, पण खोटं कशाला बोलू, त्यात राम उरला नव्हता. मला तो शनिवार हवा होता.

तोड होती. पायडलचे दांडे ज्या आसावर बसतात तो आस जरा लांब घालायचा, म्हणजे क्रँक बाहेर सरकतात आणि चेन सरळ येते. नव्या फ्रेमला तसा आस चालणार होता. मी जुनी सायकल स्टँडवर चढवली, डाव्या क्रँकचा बोल्ट काढला, आत ओढणी, म्हणजे क्रँक खेचून काढायचं आट्यांचं अवजार, फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली. आतले आटे पार गेलेले.

"हे तुझ्या नवऱ्याचं कर्तृत्व," मी म्हणालो. "ओढणी अर्ध्याच आट्यांत बसली असताना पान्याला लोंबकळला असणार."

"धीर कुठे होता त्याला? लग्नाचा केकसुद्धा मी यायच्या आधी कापला त्याने."

हातोडा मारून दांडा वाकवायचा नव्हता. उरला एकच गावठी उपाय. बोल्ट न लावता सायकल चालवायची. चार चकरांत क्रँक सैल होतो आणि आपणहून सुटतो.

"पण पहिली कुरकुर ऐकू आली की उतरायचं," मी तिला बजावलं. "सैल क्रँक दामटलास तर त्याचं चौकोनी भोक झिजेल. मग तो कशालाच बसणार नाही."

"मी चालवू?"

"मग काय मी? माझ्या वजनाने फ्रेमच सुटेल. थांब, सीट खाली घेतो."

"सीटला हात लावू नकोस."

लॉर्न चांगला उंच. ती कशीबशी चढली, पाय जेमतेम पोचत होते. दुकानासमोर पहिली चक्कर बिनआवाज झाली. दुसऱ्या चकरेला मला दारातून कुरकुर स्पष्ट ऐकू आली.

"उतर!" मी ओरडलो.

तिने ऐकलं. ऐकलं हे मला तिच्या मानेवरून कळलं. पण ती थांबली नाही, तळ्याच्या रस्त्याला लागली.

मी तिचीच नवी सायकल घेऊन मागे सुटलो. मनात तिला शिव्या देत होतो, आणि वाटत होतं, की भोक गेलं असेल आणि शनिवारही गेला.

तळ्याकडून वर येणाऱ्या चढावर ती रस्त्याकडेला बसलेली दिसली. सायकल नेच्यांच्या झुडपांत आडवी, तळहात सोललेला, मांडीवर क्रँक.

"ऐकलं होतंस ना?"

"हो." ती क्रँकवरचा चिखल बोटाने काढत होती. "अगदी हलके पाय मारत गेले, मर्विन. श्वाससुद्धा जपून घेतला. म्हटलं, आज नाही सुटला तर तसाच घरी नेईन, शेडमध्ये ठेवीन. मग परतताना हा चढ आला. तो इथे कधी बसून चढला का? नेहमी पायडलवर उभा राहायचा. मग मीही उभी राहिले."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. मला लॉर्नची इतकी आठवण आली, की मीही तिथेच मातीत बसलो.

दुकानात येऊन मी भोक अंगठ्याने चाचपलं. एक कोपरा किंचित दबला होता, बाकी शाबूत. उजवा क्रँक ओढणीने बिनबोभाट निघाला. नव्या सायकलीत लांब आस घातला, दोन्ही क्रँक चढवले, चकती फिरवून पाहिली. फ्रेमपासून मोकळी, चेन सरळ.

"शनिवारी नऊला," कॉरीन म्हणाली. "आणि तू मागे राहायचं. पुढे मी."

"राहीन. पण एक लक्षात ठेव, हा डावा परत काढायचा झाला तर असाच, बोल्टाशिवाय चालवून."

तिने बिअरचा एक डबा उघडून माझ्या हातात दिला.

"पुढच्या वेळी तू चालव," ती म्हणाली. "तुझ्याकडून कुठे सुटलाय लॉर्न अजून?"

खरंच होतं ते. मी डबा खाली ठेवला, पाना घेतला आणि आवळलेला बोल्ट आणखी एकदा आवळला.